परदेशांतील प्राचीन स्थळें व तेथील प्रवेशाची व्यवस्था

इतिहासाच्या पुस्तकांत ज्यांचीं चित्रें तुम्हीं पाहिलीं आहेत, अशा पुष्कळ इमारती आजही जागच्या जागीं उभ्या आहेत. पैसा, सवड व परवाना या तीन गोष्टी ज्याच्यापाशीं असतील त्यास त्या पाहतां येतात, असें पूर्वीं म्हणतां येत असे. आतां या तिहींच्या जोडीस एक चौथी गोष्ट आली आहे, ती म्हणजे नेमून घेतलेली वेळ. अमुक दिवशीं, अमुक वाजतां, अमुक नांवाचा मनुष्य दारांत येईल, असें आठवडे आठवडे आधीं ठरवून न ठेविल्यास मोठमोठ्या स्थळांचें दार आपणांपुढें बंद राहतें, आणि समुद्र ओलांडून आलेला मनुष्य बाहेरच्या भिंतीचें छायाचित्र घेऊन परत फिरतो.

आपल्या शाळेच्या वार्षिकांत हा विषय घेण्यास कारण आहे. आपल्यांतील कित्येक मुलांचीं वडील भावंडें शिक्षणासाठीं वा नोकरीसाठीं परदेशीं आहेत. त्यांच्याकडे जाण्याचा योग आईबापांस आयुष्यांत बहुधा एकदांच येतो, व तोही भविष्यनिर्वाहनिधीच्या रकमेंतून किंवा वर्षानुवर्षें बाजूस टाकलेल्या पैशांतून. मोठ्या घरच्या मनुष्याचें एक दार हुकलें तर तो पुढच्या वर्षीं जाईल. या मंडळींस पुढचें वर्ष नसतें. शिवाय घरांत इंग्रजी वाचून संगणकावर किंवा मोबाइलवर अर्ज भरणारें माणूस बहुतेक वेळां आठवी-नववींतलें मूलच असतें. म्हणून हा पाठ मुलांसाठीं लिहिला आहे, आणि पालकांनीं तो मुलांकडून वाचून घ्यावा.

पुष्कळ लोकांनीं एकत्र मिळून, दुसऱ्यानें आधीं ठरवून ठेविलेल्या व्यवस्थेनें प्रवास करावा, या रीतीचा उगम पाहूं गेल्यास आपण एका उपदेशकापाशीं जाऊन पोहोंचतों, हें मौजेचें आहे. थॉमस कुक हा इंग्लंडांतील बाप्तिस्त मंडळीचा एक साधा उपदेशक व दारूबंदीचा कट्टर पुरस्कर्ता होता. ता. ५ जुलै १८४१ रोजीं त्यानें लेस्टर शहराहून लफबरो येथें भरलेल्या मद्यपाननिषेधक सभेस सुमारें ५०० लोक एका खास आगगाडीनें नेले. माणशीं भाडें एक शिलिंग होतें. मजूर व कारागीर यांस सुटीच्या दिवशीं दारूच्या गुत्त्याऐवजीं दुसरें कांहीं तरी चांगलें पाहावयास मिळावें, हा त्याचा हेतु होता. पुढें १८५१ सालीं लंडनच्या महाप्रदर्शनास त्यानें सुमारें दीड लाख लोक नेले. १८६९ सालीं मिसर देश व पवित्र भूमि येथें मंडळी घेऊन गेला. आणि १८७२ सालीं निघून जगाची प्रदक्षिणा केली. हॉटेलाच्या खर्चाबद्दल आगाऊ पैसे घेऊन चिठ्ठ्या देण्याची पद्धति त्यानेंच रूढ केली. आज ज्यास आपण ‘व्हाउचर’ म्हणतों तें या चिठ्ठ्यांचेंच नातवंड होय. त्यानें स्थापिलेली इंग्लंडांतील कंपनी १७८ वर्षांनंतर, २०१९ च्या सप्टेंबर महिन्यांत, कर्जाखालीं बुडाली. त्या वेळीं दीड लाखांहून अधिक इंग्रज प्रवासी परदेशांत होते व त्यांस घरीं आणण्याचें काम सरकारास करावें लागलें. आगाऊ पैसे भरणें म्हणजे दुसऱ्याच्या हातीं विश्वास ठेवणें होय, ही गोष्ट त्या प्रसंगीं पुष्कळांस कळली.

असो. आतां मुख्य विषयाकडे वळूं. दारावर पैसे देऊन आंत जाण्याची जुनी सोपी रीत कां मोडली? गर्दी हें एक उत्तर आहेच. पण तेवढें पुरें नाहीं. इटलींतील मिलान शहरीं असलेलें लिओनार्दो दा व्हिंचीचें ‘शेवटचें भोजन’ हें चित्र घेतलें म्हणजे खरें कारण ध्यानांत येईल. या चित्राची प्रत आपल्या पुष्कळांच्या घरांत जेवणाच्या मेजावर टांगलेली असते, म्हणून त्याविषयीं थोडें विस्तारानें लिहितों.

हें चित्र कापडावर काढलेलें नाहीं. सांता मारिया देल्ले ग्रात्सिये या मठाच्या भोजनगृहाच्या भिंतीवर तें सुमारें १४९५ पासून १४९८ पर्यंत काढलेलें आहे. रुंदी जवळजवळ नऊ मीटर व उंची साडेचार मीटरांहून थोडी अधिक. भिंतीवर चित्र काढावयाचें तर ओल्या चुन्यावर रंग द्यावा, म्हणजे चुना वाळतांना रंग आपल्या पोटांत घेतो, अशी तिकडील जुनी रीत आहे. परंतु ओल्या चुन्यावर काम झपाट्यानें उरकावें लागतें, आणि लिओनार्दो हा मनास येईल तेव्हां एक रेघ काढून दिवसभर विचार करीत बसणारा मनुष्य. त्यानें कोरड्या भिंतीवर रंग दिला. परिणाम असा झाला कीं, चित्रकार जिवंत असतांनाच चित्राचे पोपडे सुटूं लागले. १६५२ सालीं तेथील संन्याशांनीं स्वयंपाकघराकडे जाण्याची वाट मोठी करण्याकरितां त्याच भिंतींत दरवाजा पाडला व त्यांत प्रभूचे पाय नाहींसे झाले. १९४३ च्या ऑगस्टांत विमानांतून पडलेल्या बाँबनें भोजनगृहाचें छप्पर व एक बाजूची भिंत कोसळली. वाळूच्या पोत्यांनीं झांकलेली चित्राची भिंत तेवढी उभी राहिली. पुढें १९७० नंतरच्या दशकाच्या अखेरीस एका विदुषीनें, पिनिन ब्राम्बिल्ला बार्चिलोन हिनें, त्यावरील जुने थर व नंतरच्या हातांचे रंग कणाकणानें काढण्यास आरंभ केला. तें काम १९९९ सालीं संपलें. वीस वर्षांहून अधिक काळ एका भिंतीसमोर!

असें चित्र माणसांच्या श्वासाच्या ओलाव्यानें व कपड्यांवरील धुळीनेंही बिघडतें. यासाठीं पाहणाऱ्यांस लहान लहान गटांनीं आंत सोडतात, एकामागून एक कांचेच्या दारांच्या खोल्यांतून नेतात, आणि बरोबर पंधरा मिनिटांनीं बाहेर काढतात. सोमवारीं हें स्थळ बंद असतें. दिवसाचीं एकंदर माणसें अशीं मोजकींच असल्यामुळें तिकिटें तीन तीन महिन्यांच्या हप्त्यानें एकदम विक्रीस निघतात व चांगल्या वेळा हां हां म्हणतां संपतात. हें तिकीट सुमारें १५ युरोंचें आहे. अठरा वर्षांखालील मुलांस मोफत. मात्र मोफत असलें तरी त्यांच्या नांवाची नोंद आधीं व्हावीच लागते. ही शेवटली गोष्ट पालक फार वेळां विसरतात. ‘मुलांस फुकट’ याचा अर्थ ‘मुलांची नोंद नको’ असा ते करितात, आणि दारांत आईबापांची वेळ आहे पण मुलांची नाहीं, असा पेंच पडतो. अशा वेळीं बाप आंत जातो व आई मुलांस घेऊन रस्त्यावर थांबते. हें मीं कल्पनेनें लिहिलेलें नाहीं. आपल्या शाळेच्या एका पालकांच्या बाबतींत हें घडलें आहे. पंधरा मिनिटांनीं बाहेर आल्यावर त्यांनीं चित्र कसें होतें तें सांगितलेंच नाहीं, असें त्यांच्या मुलीनें मला सांगितलें.

रोम शहराची गोष्ट निराळी आहे. तेथील कलोसियम हें वेस्पासियन बादशहानें आरंभिलें व त्याचा पुत्र टायटस यानें इ. स. ८० मध्यें उघडलें. दगडी इमारतीस श्वासाचें भय नाहीं. पण एका वेळीं आंत किती माणसें असावींत यास तेथेंही मर्यादा आहे, आणि येणारे लोक त्या मर्यादेच्या कित्येक पट. जेथें थोडी वस्तु व पुष्कळ गिऱ्हाइकें, तेथें मधला दलाल येणारच, हें तुम्ही अर्थशास्त्रांत वाचलें आहे. येथें दलाल आला तो मनुष्याच्या रूपानें नव्हे. ‘बॉट’ या नांवाच्या स्वयंचलित संगणक-कार्यप्रणालींनीं विक्री सुरू होतांच, मनुष्याचें बोट उठण्यापूर्वींच, तिकिटें उचलावींत, आणि मग तींच तिकिटें ‘मार्गदर्शकासह’, ‘रांगेशिवाय’ वगैरे शब्द लावून दुप्पट-तिप्पट किंमतीस विकावींत, असा व्यवहार चालूं लागला. यावर उपाय म्हणून २०२३ च्या ऑक्टोबर महिन्यापासून कलोसियमचें तिकीट व्यक्तीच्या नांवानें दिलें जातें व दारावर नांव ओळखपत्राशीं ताडून पाहतात. पुढें २०२५ च्या एप्रिलांत इटलीच्या स्पर्धा-नियामक संस्थेनें तिकिटें विकण्याचें काम पूर्वीं ज्या मंडळाकडे होतें त्यास व सहा प्रवासी कंपन्यांस मिळून जवळजवळ दोन कोटि युरो दंड ठोठावला. सामान्य माणसास साधें तिकीट मिळूं नये अशी स्थिति यांनीं चालूं दिली किंवा तिचा फायदा घेतला, असा त्या निकालाचा आशय होता.

यावरून सगळेच मधले विक्रेते लबाड आहेत असें मात्र समजूं नये. परवानाधारक मार्गदर्शक बरोबर घेऊन दहा-पंधरा जणांच्या गटांत जाण्यास अधिक पैसे पडतात. पण चांगला मार्गदर्शक मिळाल्यास दगड बोलूं लागतात, व अधिकृत तिकिटें संपलीं असतां तोच एक सरळ मार्ग उरतो. माझें म्हणणें इतकेंच कीं, आपण स्थळाचें मूळ तिकीट घेत आहों, कीं कोणाची सेवा विकत घेत आहों, हें पैसे देण्यापूर्वीं आपणांस स्पष्ट कळलें पाहिजे. इंटरनेटवर स्थळाचें नांव शोधल्यास वरच्या दोन-चार ओळी बहुधा जाहिरातीच्या असतात, व त्यांतील पानांवर चित्रें व नांवें अशीं योजिलेलीं असतात कीं हेंच सरकारी पान असें वाटावें. याची परीक्षा करण्याचा एक मार्ग पत्ता वाचणें हा आहे. उदाहरणार्थ, व्हॅटिकन हें स्वतंत्र राष्ट्र असल्यामुळें तेथील संग्रहालयाच्या खऱ्या संकेतस्थळाच्या पत्त्याचा शेवट इंग्रजी ‘व्ही’ व ‘ए’ या दोन अक्षरांनीं होतो. पत्त्याच्या शेवटीं दुसरें कांहीं असेल तर तो दुकानदार आहे, मग तो भला असो वा बुरा. इतर ठिकाणीं स्थळाच्या स्वतःच्या पानावर जावें व तेथें तिकिटासाठीं जो दुवा दिला असेल त्यावरूनच पुढें जावें.

कलोसियमचें साधें तिकीट, हा लेख लिहितांना, १८ युरोंचें आहे, व त्याच तिकिटांत समोरचें रोमन फोरम व पॅलेटाइन टेंकडी पाहण्याचा अधिकार येतो. रिंगणाच्या तळाशीं किंवा तळघरांत जावयाचें असेल तर निराळें तिकीट लागतें व तें आधीं संपतें. बहुतेक प्रवासी कलोसियम पाहून थकतात आणि फोरमकडे फिरकत नाहींत. हें फार मोठें नुकसान आहे. फोरमच्या टोंकास टायटसची कमान आहे. तिच्या आंतल्या बाजूस रोमन सैनिक यरुशलेमाच्या मंदिरांतील सात शाखांचा दीपवृक्ष खांद्यांवरून मिरवीत नेत आहेत, असें कोरलेलें आहे. इ. स. ७० मध्यें मंदिर उद्ध्वस्त झालें हें आपण पवित्र शास्त्राच्या वर्गांत शिकतों. तें ज्यांनीं उद्ध्वस्त केलें त्यांनीं स्वतःच्या हातानें दिलेली ही साक्ष आहे. तिकिटाचे पैसे तर आधींच दिलेले असतात. पायांस थोडे श्रम द्यावयाचे तेवढे उरतात.

सुटीच्या दिवसांकडेही लक्ष असावें. व्हॅटिकनचें संग्रहालय रविवारीं बंद असतें. मात्र महिन्याच्या शेवटल्या रविवारीं सकाळीं तें मोफत उघडें असतें. इटलींतील सरकारी संग्रहालयें महिन्याच्या पहिल्या रविवारीं मोफत असतात. हें ऐकून आपल्या लोकांचे डोळे चमकतात. पण त्या दिवशीं रांग इतकी वाढते कीं, ज्याच्यापाशीं रोममध्यें दोनच दिवस आहेत त्यानें हा मोह टाळावा हें बरें. पॅरिसचें लूव्हर मंगळवारीं बंद असतें. नाताळच्या सुटींत जाणाऱ्या ख्रिस्ती कुटुंबांनीं तर २५ डिसेंबरच्या दिवशीं बहुतेक ठिकाणीं तिकीट मिळेल अशी आशा ठेवूं नये. तो दिवस उपासनेचा आहे, आणि तिकडे तो तसाच पाळतात.

आतां प्रवासी कंपनीबरोबर जाणाऱ्यांविषयीं. आपल्या पालकांपैकीं बहुसंख्य लोक असेच जातात, व त्यांत कांहीं कमीपणा नाहीं. भाषा येत नसतां, जेवणाची पंचाईत असतां व वय झालें असतां तें शहाणपणाचेंच आहे. मात्र कंपनीचें कार्यक्रमपत्रक हें कायद्याचा कागद समजून वाचावें. त्यांत प्रत्येक स्थळाच्या नांवापुढें कोणता शब्द आहे तो पाहावा. ‘प्रवेशासह’ किंवा ‘एन्ट्री’ असेल तर आंत नेतील. ‘फोटो स्टॉप’ असेल तर बसमधून उतरवून पंधरा-वीस मिनिटें बाहेर उभें करतील. ‘ओरिएंटेशन टूर’ किंवा ‘पॅनोरॅमिक टूर’ असेल तर बहुधा बसच्या खिडकींतूनच दाखवितील. एका पालकांनीं गेल्या वर्षीं असें एक पत्रक मला आणून दाखविलें. त्यांत अकरा दिवसांत सात देश होते, आणि पंचवीस प्रसिद्ध स्थळांचीं नांवें जाड ठशांत छापलीं होतीं. आम्हीं दोघांनीं पेन्सिल घेऊन मोजलें. प्रवेश फक्त सात ठिकाणीं होता, व त्या सातांपैकीं दोन मेणाच्या पुतळ्यांचें घर व चॉकलेटचा कारखाना हीं होतीं. कंपनीनें खोटें असें कांहींच लिहिलें नव्हतें. त्या गृहस्थांनीं तें पत्रक परत केलें, आणि दोनच देशांचा कार्यक्रम असलेलें दुसरें निवडलें.

नांवाचा प्रश्न आपणां महाराष्ट्रीयांस विशेष जाचतो. आपली रीत स्वतःचें नांव, मग बापाचें किंवा नवऱ्याचें नांव, मग आडनांव अशी. पासपोर्टवर पहिलीं दोन नांवें बहुधा एकाच रकान्यांत येतात व आडनांव दुसऱ्या रकान्यांत. तिकिटाचा अर्ज भरतांना कोणी घाईनें नुसतें घरांतील हांक मारण्याचें नांव लिहितो, कोणी बापाचें नांव आडनांवाच्या जागीं घालतो, आणि लग्नानंतर जिचें नांव बदललें पण पासपोर्ट बदलला नाहीं अशी बहीण नवें नांव लिहिते. जेथें नांव ओळखपत्राशीं ताडून पाहतात तेथें हें चालत नाहीं. स्पेनमधील ग्रानादा येथील अल्हाम्ब्रा राजवाडा हें असेंच एक ठिकाण आहे. तेथें तिकिटास पासपोर्टचा क्रमांक लागतो, व नस्रिद महालांत जाण्याची वेळ तिकिटावर छापलेली असते. ती टळली तर बागा व किल्ला पाहावा, महाल राहिला. यासाठीं मुलांनो, अर्ज भरतांना आईबापांचे पासपोर्ट समोर उघडून ठेवा व त्यांतील अक्षर न् अक्षर तसेंच उतरा, अक्षर चुकीचें आहे असें तुम्हांस वाटलें तरी सुद्धां!

वेळेचा हिशेब हा भूगोलाच्या तासाचा विषय आहे, व तो येथें प्रत्यक्ष उपयोगीं पडतो. हॉलंडांतील ॲम्स्टरडॅम शहरीं ॲन फ्रँक या ज्यू मुलीचें लपण्याचें घर आहे. जर्मनांच्या भयानें १९४२ च्या जुलैपासून १९४४ च्या ऑगस्टपर्यंत आठ माणसें त्या घराच्या मागच्या भागांत दडून राहिलीं, आणि युद्धानंतर त्यांतला एकटा बाप जिवंत परत आला. तुमच्याच वयाच्या त्या मुलीची रोजनिशी तुमच्यांपैकीं कांहींनीं वाचली आहे. या घराचें तिकीट दारावर मिळतच नाहीं. दर मंगळवारीं सकाळीं १० वाजतां सहा आठवड्यांनंतरचीं तिकिटें इंटरनेटवर निघतात. परंतु हे १० ॲम्स्टरडॅमचे आहेत. आपली वेळ ग्रीनिचच्या पुढें साडेपांच तास; हॉलंडची हिंवाळ्यांत एक तास व उन्हाळ्यांत दोन तास. म्हणजे उन्हाळ्यांत आपणांकडे दुपारचा दीड वाजलेला असेल व हिंवाळ्यांत अडीच. घड्याळ पुढें-मागें करण्याचा हा प्रकार मार्चच्या व ऑक्टोबरच्या शेवटल्या रविवारीं होतो. आतां तुम्हीं हें गणित करून पाहावें: लंडनमध्यें सकाळचे ९ वाजले असतां, जानेवारींत आपल्या शाळेचा कोणता तास चालू असेल, व जून महिन्यांत कोणता? त्याच बैठकींत तारखेची रीतही शिकून घ्यावी. यूरोपांत आपल्याप्रमाणेंच आधीं दिवस, मग महिना लिहितात. अमेरिकेंत आधीं महिना. एखाद्या अमेरिकन विक्रेत्याच्या पानावर ‘५-६’ असें दिसलें तर तो मे महिन्याचा सहावा दिवस असतो, जूनचा पांचवा नव्हे.

पैसे भरतांना एक साधी अडचण येते, ती अशी. २०२० पासून रिझर्व बँकेच्या नियमाप्रमाणें नव्या कार्डावर परदेशी व्यवहार आपोआप सुरू नसतात. खातेदारानें ते स्वतः सुरू करावे लागतात. विक्री सुरू झालेली आहे, वेळ निवडलेली आहे, आणि कार्ड नाकारलें जात आहे, अशा स्थितींत बँकेस फोन करीत बसण्यापेक्षां हें काम आदल्या दिवशींच करून, मर्यादा थोडकी ठेवून, प्रवासानंतर पुनः बंद करावें.

या सर्वांहून अवघड प्रश्न क्रमाचा आहे. आधीं व्हिसा कीं आधीं तिकीट? यूरोपांतील पुष्कळ देशांचा मिळून जो शेंगेन व्हिसा आहे त्याचा अर्ज प्रवासाच्या फार तर सहा महिने आधीं करितां येतो, व निर्णयास साधारणपणें पंधरा दिवस लागतात. कधीं कधीं पंचेचाळीसपर्यंत जातात. मोठ्या माणसाचें शुल्क २०२४ च्या जूनपासून ९० युरो आहे, आणि व्हिसा नाकारला तरी तें परत मिळत नाहीं. अर्जाबरोबर प्रवासाचा क्रम, राहण्याची जागा व तीस हजार युरोंचा वैद्यकीय विमा दाखवावा लागतो. इकडे स्थळाचीं तिकिटेंही बहुधा परत घेत नाहींत. मग करावें काय? माझा सल्ला असा आहे कीं, अर्ज शक्य तितक्या लौकर करावा, म्हणजे महिनाभर आधीं निघणारीं तिकिटें, उदाहरणार्थ कलोसियमचीं, व्हिसा हातीं आल्यावर घेतां येतील. हॉटेल निवडतांना ठराविक दिवसापर्यंत रद्द करितां येईल असेंच निवडावें. आणि जें स्थळ पाहण्यासाठींच आपण मुख्यतः जात आहों, व ज्याचीं तिकिटें व्हिसापूर्वींच संपतील, त्या एकाच स्थळाच्या बाबतींत मात्र धोका पत्करावा. पंधरा-वीस युरो बुडाले तर दुःख होईल, पण घर बसणार नाहीं. विमानाच्या, परत न मिळणाऱ्या तिकिटाच्या बाबतींत मात्र हें धाडस कोणीं करूं नये, एजंटानें कितीही घाई केली तरी.

शेवटीं, जेथें तिकीट लागत नाहीं किंवा निराळ्या वाटेनें जातां येतें, अशा कांहीं जागा सांगतों. रोममधील संत पेत्राचें महामंदिर पाहण्यास पैसे पडत नाहींत. तपासणीची रांग तेवढी असते, आणि खांदे व गुडघे झांकलेले नसल्यास आंत सोडीत नाहींत. (आपल्या बायकांच्या साड्यांस तेथें कोणी हरकत घेत नाहीं, अडकतात ते अर्ध्या विजारी घातलेले आपले मुलगे!) पँथिऑन हें हेड्रियन बादशहाच्या वेळचें देऊळ इ. स. ६०९ पासून ख्रिस्ती मंदिर आहे. २०२३ च्या जुलैपासून तेथें प्रवाशांस तिकीट (आरंभीं ५ युरोंचें) लागतें, परंतु उपासनेस येणाऱ्यांस तें पडत नाहीं. लंडनच्या वेस्टमिन्स्टर ॲबीचेंही तसेंच आहे. दिवसा पाहावयास जाणाऱ्यास बरेच पौंड मोजावे लागतात. सायंकाळच्या उपासनेस दार सर्वांस मोफत उघडें असतें. मात्र तेथें जाणाऱ्यानें उपासनेसाठींच जावें. आफ्रिकेंतील मिशनरी डेव्हिड लिव्हिंग्स्टन यास १८७४ सालीं त्याच मंदिरांत पुरलें आहे. परंतु उपासनेच्या वेळीं थडगीं वाचीत हिंडूं देत नाहींत, व तें योग्यच आहे. ज्यास थडगें पाहावयाचें त्यानें तिकीट काढावें.

अथेन्समधील ॲक्रोपोलिस टेंकडीवर जाण्यास २०२३ च्या सप्टेंबरपासून तासांची नेमणूक झाली आहे, दिवसास वीस हजार माणसांची मर्यादा आहे, आणि २०२५ च्या एप्रिलपासून तिकीट २० युरोंवरून ३० युरोंवर गेलें आहे. उन्हाळ्यांत दुपारीं उकाडा असह्य झाला तर सरकार तें दुपारपुरतें बंदही करतें, म्हणून सकाळची पहिली वेळ घ्यावी. पण त्या टेंकडीच्या दाराशींच, अगदीं लागून, एक उघडा खडक आहे. तो अरीयपग होय. प्रेषितांच्या कृत्यांच्या सतराव्या अध्यायांत पौलानें अथेन्सच्या लोकांपुढें केलेलें भाषण दिलें आहे. त्याचा मूळ ग्रीक पाठ कोरलेला एक पितळी पत्रा त्या खडकास बसविलेला आहे. तेथें दार नाहीं, वेळ नाहीं, नांवाची नोंद नाहीं. सूर्यास्ताच्या सुमारास गेल्यास एका बाजूस वरतीं मंदिराचे खांब व दुसऱ्या बाजूस खालीं सारें शहर दिसतें. चढण्यास लोखंडी जिना केलेला आहे, परंतु माथ्यावरचा दगड शेंकडों वर्षांच्या पावलांनीं आरशासारखा गुळगुळीत झाला आहे. वृद्ध माणसांनीं चपला घालून वर जाऊं नये, खरखरीत तळाचे बूट घालावे व हात कोणाच्या तरी खांद्यावर ठेवावा.